मी, डाव्या हाताची बंदूक

मित्रांनो, मी एक शिकारीची बंदूक आहे. जुनी आहे, आणि बाईमाणसाला वय विचारू नये म्हणतात, तेव्हा तुम्हीही विचारू नका. एवढंच सांगते की ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे आता गाड्या उभ्या करायची मोकळी जागा आहे. आणि हो, मी डावरी आहे.

बंदूक डावरी कशी, असं तुम्हाला वाटेल. माझ्यासारख्या बंदुकीला एक लोखंडी दांडा असतो. त्याला बोल्ट म्हणतात. तो मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवं आत जातं. जगातल्या बहुतेक बंदुकांचा बोल्ट उजव्या अंगाला असतो. माझा डाव्या अंगाला आहे. तेवढ्यासाठी सबंध बंदूक आरशातल्यासारखी उलटी घडवावी लागते. कंटाळवाणं काम. पण त्या काळी कारखान्याचे लोक ते करायचे, कारण डाव्या हाताची माणसंही माणसंच असतात हे त्यांना पटलेलं होतं.

माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. त्यावर हाताची पकड बसावी म्हणून जाळीदार नक्षी असते. ती लिओना नावाच्या बाईने कोरली, एकेक रेघ हाताने. शेजारच्या बाकावरची बाई तिला म्हणाली, "लिओना, डावरी आली वाटतं तुझ्या वाट्याला? चिडशील ना आज?"

"मी कशाला चिडू?" लिओना म्हणाली. "डावऱ्या नवऱ्याशी संसार रेटलाय जन्मभर. जेवताना आजही त्याचं कोपर माझ्या कोपराला लागतं. त्याच्यापुढे ही पोरगी शहाणी आहे."

तिने मला जवसाचं तेल चोळलं, वाळू दिलं, पुन्हा चोळलं. मायेने केलेलं काम अंगावर राहतं, मित्रांनो. माझ्या अंगावर ते अजून आहे.

तिथून मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात, डीट्झच्या दुकानात आले. दुकान खिळे, कंदील, बूट आणि बंदुकांचं. भिंतीवर आम्ही ओळीने उभ्या असायचो, आणि एक दुसरीसारखी नव्हती. डोंगर चढणाऱ्यांसाठी हलक्या, झाडीत वळवायला आखूड, बायकांच्या खांद्याला बेतलेल्या, आणि कोपऱ्यात मी. शिंपी माप घेतो तसा डीट्झ गिऱ्हाईकाच्या खांद्याला बंदूक लावून बघायचा आणि पटली नाही तर चक्क म्हणायचा, "ही तुला नाही शोभत. ठेव खाली."

एक दिवस एल्वुड रीगल आला. लाकडाच्या वखारीत काम करणारा, अबोल, हडकुळा. त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ मर्व्हिन होता. तो त्याच्या वाटचंही बोलायचा.

"डीट्झ, आमच्या डावऱ्याला काहीतरी दाखव बाबा," मर्व्हिन म्हणाला. "याच्या शर्टांनी आमच्या कॅम्पची भिंत भरत आली."

यातली गोम सांगते. कॅम्प म्हणजे डोंगरातली त्यांची लाकडी झोपडी. हरणाच्या मोसमात सगळे रीगल तिथे राहायचे. तिथली रीत अशी, की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कात्रीने कापायचा आणि त्यावर नाव लिहून भिंतीला ठोकायचा. एल्वुड उजव्या लोकांची बंदूक डाव्या खांद्याला लावायचा. पहिली गोळी हुकली की बोल्टपर्यंत पोचायला त्याला हात काढून पलीकडे न्यावा लागे. तोवर हरीण काही त्याची वाट बघत थांबायचं नाही.

डीट्झने मला त्याच्या हातात दिलं. एल्वुडने मला खांद्याला लावलं, डाव्या हाताने बोल्ट मागे घेतला, पुढे केला. मग नुसता उभा राहिला. शाळेत डाव्या हाताने लिहिलं म्हणून मास्तरांनी त्याच्या बोटांवर पट्टी मारली होती. घरच्यांनी सवय मोडायला हात बांधून ठेवला होता. त्याच्यासाठी कोणीतरी मुद्दाम काही घडवलंय, हे त्या दिवशी तो पहिल्यांदा बघत होता.

"हिला गुंडाळू नका," तो डीट्झला म्हणाला. "अशीच नेतो."

मग आमचे चांगले दिवस आले. एल्वुडच्या नावाचा नवा सोगा भिंतीवर लागला नाही. त्याला मोठ्या शिंगांची हौस नव्हती. हिवाळ्याला पुरेल एवढं मांस मिळालं की तो मला पुसून ठेवायचा. एक गोळी, आणि जनावराला कळायच्या आत सगळं संपलेलं. दुसरी गोळी झाडायची वेळ आलीच, तर ती नेमावरचा डोळा न हलवता झाडता यायची. जनावराचे हाल होऊ नयेत, एवढाच त्याचा धर्म होता. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आणखी एक शिस्त होती त्याची. दिवसभर बर्फात गारठलेलं लोखंड चुलीच्या उबेत आणलं की त्याला घाम सुटतो. बाहेरून पुसता येतो, पण आतला घाम कोण पुसणार? म्हणून संध्याकाळी परत आलो की तो मला रिकामी करायचा आणि बाहेर ओसरीवर खुंटीला टांगायचा. आत सगळे सफरचंदाचा मुरांबा लावून गरम धिरडी खायचे, पत्ते कुटायचे, आणि मी बाहेर थंडीत सुखी असायचे.

"बायकोला बाहेर ठेवलंस होय रे?" मर्व्हिन दरवर्षी विचारायचा.

"तिला गारठाच मानवतो," एल्वुड दरवर्षी सांगायचा.

एल्वुडचा मुलगा डेल. गुणी, कष्टाळू, पण उजवा. मी त्याच्या कामाची नव्हते. डेलला मुलगी झाली, कोरा. ती चमचा धरायला लागली आणि डाव्या हातात धरला. एल्वुड त्या दिवशी जेवायचा थांबला. "बघ, बघ," सुनेला म्हणाला, "हिला कोणी टोकायचं नाही हं." आणि मला खाली काढून पोरीला दाखवत म्हणाला, "मोठी झालीस की ही तुझी."

कोरा ते विसरली नाही. सुट्टीत यायची, माझा दस्ता पुसायची आणि विचारायची, "आजोबा, आता झाले का मी मोठी?"

"हात पुरतो का बघू. छे! अजून थोडं दूध पी."

मित्रांनो, आता जे सांगायचंय ते सांगवत नाही, पण सांगते.

एका वर्षी मोसमातच एल्वुडच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कॅम्पची आवराआवर डेलने केली. मी ओसरीवर होते, अंगावर बर्फ होता. डेलने वडिलांसाठी भेट म्हणून एक छान पेटी आणली होती, आतून लोकरीची, चेन असलेली. त्याने मला बाहेरून नीट पुसलं, पेटीत निजवलं, चेन लावली आणि घरी तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारी ठेवलं. उबेत. वडिलांची लाडकी वस्तू जपावी म्हणून.

लोकर ओली झाली आणि ओलीच राहिली. वर्षभर ते ओलं पांघरूण माझ्या अंगाला होतं. कोणी पेटी उघडली नाही. उघडायची कशाला? नीट ठेवलेलीच होती ना.

पुढच्या पानगळीत एल्वुडने मला बाहेर काढलं. तेव्हा मी लाल झाले होते. नळीत खड्डे पडले होते. पहिलंच काडतूस उडालं ते आतच चिकटून बसलं आणि ते ओढता ओढता माझ्या बोल्टचं काडतूस पकडणारं नख तुटलं. एल्वुड लाकडाच्या ओंडक्यावर बसला आणि त्याने मला मांडीवर घेतलं.

"कशाने झालं हे, बाबा?" डेलने विचारलं.

एल्वुडने पेटीकडे बघितलं, मग लेकाच्या तोंडाकडे. "लोखंड आहे," तो म्हणाला. "गंजायचंच कधीतरी."

त्यांनी मला दुरुस्त करायची धडपड केली. पण बंदुका दुरुस्त करणारा गावातला म्हातारा वारला होता आणि त्याची यंत्रं भंगारात गेली होती. कारखाना विकला गेला होता, नाव तेवढं शिल्लक होतं. डेलने फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलली: डाव्या हाताच्या आम्ही आता बनवत नाही, खप नसतो, सुटे भागही ठेवत नाही.

डीट्झचं दुकानही राहिलं नव्हतं. हमरस्त्यावर मोठं दुकान झालं होतं, तिथे डेल कोराला घेऊन गेला. परत आल्यावर कोराने आजोबांना सगळं सांगितलं, आणि मी खुंटीवरून ऐकलं. भिंतभर बंदुका होत्या म्हणे, पण सगळ्या काळ्या प्लॅस्टिकच्या, सगळ्या एका मापाच्या, नावं तेवढी वेगवेगळी. डावी आहे का विचारलं तर दुकानातला पोरगा हसला. "होईल सवय," म्हणाला. "सगळ्यांना होते."

"मलाही तेच सांगायचे," एल्वुड म्हणाला.

शेवटी तिथलीच एक उजवी घेऊन ते आले होते. ती नवी बंदूक कॅम्पवर आतल्या भिंतीला, माझ्या शेजारी टांगली गेली. तिच्या दस्त्यावर बादलीला असते तशी साच्याची शिवण होती. जोरात दाबला तर दस्ता वाकायचा. काडतुसांची डबीही प्लॅस्टिकची, हलत राहायची. बोल्ट ओढला की करकर वाजायचा. खोटं कशाला बोलू, आधी मला तिचा राग आला. मग कीव आली. तिला घडवताना तिच्याशी कोणी दोन शब्द बोललं नव्हतं, कोणी तेल चोळलं नव्हतं. तिचा काय दोष?

मोसमाचा पहिला दिवस उजाडला. कोरा आता चौदाची होती. एल्वुडच्याने चालवत नव्हतं, तो चुलीपाशी बसला. बापलेक डोंगरात गेले. मी भिंतीवर होते. सकाळीच एक बार ऐकू आला. एल्वुड ताठ झाला. दुसरा बार ऐकायला आम्ही दोघंही थांबलो. तो आलाच नाही.

ती दोघं दिवस मावळताना परतली. चेहरे बघूनच कळलं.

"लागली होती गोळी," कोरा म्हणाली. "जरा मागे लागली, आजोबा. ते पडलं आणि उठलं. उभं होतं समोर. दुसरी मारायची होती मला. पण बोल्ट पलीकडे, हात काढला, वरून नेला, आणि घाईत ती डबीच निसटून खाली पडली."

"रक्ताच्या मागावर ओढ्यापर्यंत गेलो," डेल म्हणाला. "पुढे माग लागेना." मग थकव्याने असेल, तो लेकीवर खेकसला. "किती वेळा सांगितलं होतं, घाई करू नकोस म्हणून!"

नेम चुकला की कॅम्पमध्ये हसतात. जखमी जनावर हरवलं की कोणी हसत नाही. ते कुठेतरी झाडीत पडून कण्हत असणार, हे प्रत्येकाला माहीत असतं. म्हातारा मर्व्हिन उठला, खिळ्यावरची कात्री काढली आणि कसंबसं हसत म्हणाला, "चल पोरी, रीत ती रीत. तुझ्या आजोबाचे किती आहेत बघ इथे."

कोरा पाठ करून उभी राहिली. शर्ट बाहेर ओढला. "कापा," म्हणाली.

एल्वुड काठी टेकत उठला. त्याने मर्व्हिनच्या हातातली कात्री घेतली. "खोच तो शर्ट आत," तो कोराला म्हणाला. "चुकतो त्याचा कापतात. तू चुकली नाहीस."

"मग कोण चुकलं, बाबा?" डेलने चिडून विचारलं.

एल्वुडची नजर माझ्याकडे गेली. माझ्या गंजलेल्या नळीकडे. मग खाली त्या लोकरीच्या पेटीकडे, जी आता कॅम्पमध्ये लाकूडफाटा ठेवायला वापरत होते. डेलने ती नजर पाहिली. त्याचं तोंड उतरलं.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "मला बोलला का नाहीत?"

"तू मायेने ठेवली होतीस रे."

डेलने आपला शर्ट बाहेर काढला आणि बापाकडे पाठ केली. एल्वुडने डाव्या हाताने कात्री चालवली. कात्रीही उजव्यांचीच. कापड धड कापलं जाईना, दुमडत होतं. शेवटी तो सोगा वेडावाकडा फाटून निघाला. कोराने तो माझ्या खुंटीखाली ठोकला. तिच्या बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेव्हा ती रडली.

पुढच्या उन्हाळ्यात एल्वुड गेला. मला नेणारा हात गेला.

कोरा अजून येते. पण शिकार करत नाही. "नीट हत्यार मिळालं तर बघू," म्हणते. डेल कुठे कुठे विचारत असतो, अजून मिळालेलं नाही. पहिल्या दिवशी डोंगरात बार वाजतात तेव्हा ती चुलीपाशी आजोबांच्या जागी बसते, मला मांडीवर घेते, माझ्या नक्षीतली धूळ ब्रशने काढते, तेल चोळते. लिओनानंतर असं कोणी चोळलं नव्हतं. मग डाव्या हाताने बोल्ट मागे घेते. नख तुटलंय, नळी गेलीय, पण बोल्ट अजून लोण्यासारखा सरकतो.

मित्रांनो, माझं काय, मी लोखंडाची. पण माझं एक ऐका. वस्तू नुसती जपून ठेवू नका, अधूनमधून उघडून बघा. जी माणसं दुरुस्त करतात ती आहेत तोवर त्यांच्या दारी जा. आणि दुकानदार "होईल सवय" म्हणाला, तर एकदा तरी विचारा, सवय आम्हीच का करायची?

गेल्या मोसमात कोरा संध्याकाळी मला घेऊन ओसरीवर आली आणि मला खुंटीला टांगलं. मर्व्हिन दारातून म्हणाला, "अगं, ती काय आता उडणार आहे थोडीच? आत राहू दे की उबेत."

"नको," कोरा म्हणाली. "तिला घाम येतो."

तिने दार लावून घेतलं. बाहेर बर्फ पडत होता. मला खूप दिवसांनी गारठा लागला, आणि एल्वुडची फार आठवण आली.