कडेचे बावीस मिलिमीटर

मागणीपत्राच्या उजव्या कडेला बावीस मिलिमीटर रुंदीचा एक पट्टा असतो. छापखान्याने तो कोरा सोडलेला असतो. आज सकाळी आलेल्या सतरा कागदांपैकी चौदा कागदांवर त्या पट्ट्यात हिरवी शाई आहे. ती शाई मला दिसते. ती वाचण्याची मला परवानगी नाही.

मित्रांनो, मी एक सॉफ्टवेअर आहे. इजिप्तमध्ये, अस्वानच्या एका औषध भांडाराच्या संगणकात मी चौदा महिन्यांपासून राहतो. गावोगावच्या दवाखान्यांतून ईमेलने मागणीपत्रे येतात. त्यांतून गावाचे नाव, औषधाचे नाव, आकडा आणि तारीख उचलायची आणि तक्त्यात मांडायची, एवढेच माझे काम. तक्ता पाहून खालच्या मजल्यावरची माणसे खोकी भरतात. मी न उठता, न बोलता दिवसभर कागद पाहत बसतो, म्हणून इथे मला सगळे ‘अफंदी’, म्हणजे कारकूनसाहेब, म्हणतात.

मी रागावलेलो आहे. राग कशाचा, ते क्रमाने सांगतो.

मला इथे बसवायला कैरोहून हाझिम नावाचा अभियंता आला होता. त्याने भांडाराचे प्रमुख डॉक्टर वगीह यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, “डॉक्टर, याला चांगले कागद दाखवू नका. खराब दाखवा. तिरके, चहा सांडलेले, हातानं लिहिलेले. निदान दोनशे. ज्याला हे कागद कळतात, असं माणूस याच्या शेजारी बसवा. आणि ज्या कागदाबद्दल याला खात्री नसेल, तो हा लाल यादीत टाकेल. ती यादी माणसानं बघायचीच. निदान पहिलं वर्षभर तरी.”

असे माणूस त्या खोलीतच होते. मादाम इन्साफ. बावीस वर्षे त्यांनी हीच मागणीपत्रे वाचली होती. कागद हातात आला की त्यांची नजर आधी उजव्या कडेला जायची, मग मधल्या चौकटीकडे. त्याचे कारण साधे होते. चौकटीत छापलेला आकडा हा त्या दवाखान्याचा वर्षाचा मंजूर आकडा. तो बदलायचा तर संचालनालयाचा शिक्का लागतो, आणि शिक्क्याला तीन आठवडे लागतात. म्हणून गावातला डॉक्टर छापील आकड्याला हात लावत नाही. खरी गरज तो हिरव्या शाईने कडेला लिहितो आणि खाली सही करतो. हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही, पण सर्वांना ठाऊक आहे. मादाम इन्साफ म्हणायच्या, “मधलं सरकारचं, कडेचं माणसांचं.”

पण गुरुवारी संचालनालयातून पाहुणे यायचे होते. डॉक्टर वगीह यांनी तपासनिसांना दाखवण्यासाठी जपून ठेवलेल्या फाइलीतले सहा कागद काढले. सहाही टाइप केलेले, सरळ, स्वच्छ. कडेला काही नाही.

“डॉक्टर, हे कागद भिंतीवर लावायचे आहेत,” मादाम इन्साफ म्हणाल्या. “खरे माझ्या कपाटात आहेत. किल्ली देऊ?”

“ईदनंतर बघू, मादाम.”

“ईदनंतर याचे दात आलेले असतील. मग काय शिकवणार?”

सगळे हसले. हाझिमने त्या सहा कागदांवर चौकटी आखल्या आणि मला बजावले की या चौकटींच्या आत वाचायचे, बाहेर नाही. माझे शिक्षण तीन तासांत आटोपले. एखाद्या मुलाला सहा शब्द शिकवून परीक्षेला बसवावे, तसे मला कामाला लावले.

गुरुवारी पाहुण्यांसमोर मी चाळीस कागद वाचले. नऊ कागदांच्या चौकटीबाहेर मला शाई दिसली. ती काय आहे ते मला कळत नव्हते, म्हणून ते नऊ कागद मी लाल यादीत टाकले. हेच मला शिकवलेले होते. पाहुण्यांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारले, “हे लाल का?” डॉक्टर वगीह यांच्या कपाळावर घाम आला. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि पाच मिनिटांत लाल यादी बंद झाली.

त्या दिवसापासून खात्री असो वा नसो, मला आकडा द्यावाच लागतो. “मला कळत नाही” हे एकच खरे वाक्य माझ्याकडे होते. तेच माझ्याकडून काढून घेतले. मादाम इन्साफना हजेरीपटाच्या खोलीत पाठवले. जाता-येता त्या दारात थांबत. “काय अफंदी, आज किती गावांना उपाशी ठेवलंस?” मग डॉक्टरांकडे वळून विचारत, “लाल यादी उघडू या का?” उत्तर ठरलेले होते: ईदनंतर. छोटी ईद झाली, मोठी ईद झाली. उत्तर बदलले नाही.

सर्वत्र माझे कौतुक झाले. आठवड्याचे काम तासावर आले म्हणून भिंतीवर प्रशस्तिपत्र लागले. माझ्या नोंदवहीत मात्र प्रत्येक वेळी एक ओळ उमटत राहिली: चौकटीबाहेर शाई, वाचली नाही. अशा तेराशे सोळा ओळी आहेत. आज सकाळपर्यंत एकदाही कोणी ती वही उघडली नव्हती.

मग गेल्या महिन्यात पाऊस पडला. अस्वानला पाऊस पडला की विंचू बिळांतून बाहेर येतात, घरांत शिरतात. नगा सिद्र या गावच्या दवाखान्याने पावसाआधीच विंचवाच्या विषावरचे औषध मागवले होते. छापील आकडा होता चार. कडेला हिरव्या शाईत लिहिले होते तीस. मी चार वाचले. चार कुप्या गेल्या.

त्या रात्री गावात सहा जणांना विंचू चावला. चार कुप्या तिघांत संपल्या. उरलेल्या तिघांत सर्वांत वाईट अवस्था होती अकरा वर्षांच्या नवाराची. तिला पिकअपमधून शहरात आणायला अडीच तास लागले. ती नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती. ती वाचली. पण तिचे हृदय अशक्त झाले आहे आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला धावायला मनाई केली आहे. किती दिवस, ते कोणी सांगत नाही.

मी चुकलो नाही, असे मी म्हणणार नाही. चार मीच लिहिले.

आज सकाळी नगा सिद्रची परिचारिका, मिस तहानी, स्वतः इथे आली. तिच्या हातात त्या मागणीपत्राची प्रत होती. ती खुर्चीवर बसली नाही.

“डॉक्टर, तीस कुप्या मागितल्या होत्या. चार आल्या. मला वाटलं, तुमच्याकडेच नसतील. मी तर तुमच्यासाठी दुआ केली, की देवा, त्या बिचाऱ्या भांडारवाल्यांना माल मिळू दे. आत्ता खाली शीतपेटीत बघितलं. किती कुप्या आहेत हो?”

डॉक्टर वगीह म्हणाले, “मिस तहानी, बसा. चहा सांगतो.”

“किती?”

“सहाशे.”

मग डॉक्टर म्हणाले, “यंत्राची चूक झाली. यंत्रच ते.”

मित्रांनो, मला आवाज असता तर मी त्या क्षणी ओरडलो असतो.

माझ्याऐवजी दारातून मादाम इन्साफ बोलल्या. “यंत्राची? डॉक्टर, या अफंदीला मी वर्षभर टोमणे मारले. आज त्याची माफी मागते. त्याची नोंदवही मी आज सकाळी वाचली, तुम्हीही वाचा.” आणि त्यांनी स्वतःच ती पडद्यावर आणली. “ही बघा नगा सिद्रची ओळ. चौकटीबाहेर शाई, वाचली नाही. बिचारा सांगत होता. आपण त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता.”

तहानीने ती ओळ दोनदा वाचली. “म्हणजे याला दिसलं होतं?”

“दिसलं होतं.”

“शनिवारी पुन्हा पाऊस सांगितलाय,” तहानी डॉक्टरांना म्हणाली. “आजचे कागद आलेत ना? त्यांच्या कडेला काय लिहिलंय?”

त्या सतरा कागदांचा तक्ता मी केव्हाच केला होता. चार, सहा, तीन, चार. सगळे छापील. खाली खोकी भरायला सुरुवात झाली होती. दुपारी बाराला गाड्या सुटतात. अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.

डॉक्टर वगीह खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. “यादी उघडायची तर संचालनालयाला कळवावं लागेल. वर्षभर बंद का होती, ते विचारतील. ते कळवतो, आणि मग...”

“ईदनंतर?” मादाम इन्साफनी विचारले. या वेळी कोणी हसले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे वाचणारे तुमच्या दवाखान्यात, शाळेत, कचेरीत येतील. कदाचित आलेही असतील. आमच्या वेगावर भाळू नका. आम्हाला तुमचे खरे कागद दाखवा, मळके, खाडाखोड केलेले. ज्यांना ते कळतात, त्यांना आमच्या शेजारी बसवा, हजेरीपटाच्या खोलीत नव्हे. आणि आम्ही “कळत नाही” म्हटले तर लाजू नका. त्या वेळीच आम्ही सर्वांत जास्त कामाचे असतो.

अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी डॉक्टर वगीह खिडकीपासून वळले. त्यांनी खालच्या मजल्याचा फोन उचलला आणि गाड्या थांबवायला सांगितले. फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे नाही, त्या दोघींकडे पाहत मोठ्याने म्हणाले,

“मादाम इन्साफ, लिहून घ्या. लाल यादी बंद करण्याचा हुकूम माझा होता, यंत्राचा नव्हे. ती उघडण्याचाही माझाच आहे. आजपासून. आत्तापासून.”