मरळीची राखण

नीलम्माचं वर्षश्राद्ध जवळ आलं, तसं कुंडलिकनं ठरवून टाकलं, बायकोचं पान वाढायचं तर मरळ माशाच्या कालवणाचंच. मरळीचं डोकं ताटात आलं की तिला दुसरं काही लागत नसे.

अडचण एवढीच, की पावसाळ्यात भीमेचा डोह मासेमारीला बंद असायचा. हा भोईवाड्याचा नेम, आणि तो घालून दिला होता नीलम्मानंच. ती नदीपल्याडच्या कानडी मुलखातली. पोटात अंड्यांची गाभोळी असलेला मासा दिसला की "ब्याड, ब्याड," म्हणजे नको नको म्हणत ती नवऱ्याच्या हातातून हिसकून पाण्यात सोडायची. लोक हसायचे. पुढं डोह रिकामा पडला, तेव्हा हसणाऱ्यांनीच तिचं ऐकलं. विणीच्या दिवसांत बायका काठावर पाळीनं राखणीला बसू लागल्या. आता दिवाळीला होड्या भरून येत आणि शेजारगावचे लोक विचारत, "तुमच्या डोहात काय पुरलंय रं?"

श्राद्धाच्या सकाळी कुंडलिक गळ आणि एक बेडूक घेऊन डोहावर गेला. राखणीला बजाक्का होती, नीलम्माची जिवाभावाची मैत्रीण.

"दाजी, गळ घेऊन देवाला निघालाय व्हय?"

"एकच मरळ, बजाक्का. तिच्या पानाला."

"दुसऱ्या कुणी आणला असता तर गळ मोडून चुलीत घातला असता." बजाक्कानं डोहाकडं पाठ केली. "तुमास्नी काय सांगू? टाका. मला मागं डोळं न्हाईत."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कुंडलिकला वाटलं.

लव्हाळ्यापाशी पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा घोळका हलत होता. मरळीची पिल्लं. खाली आई असणारच. अशा वेळी मरळ काही खात नाही, पण पिल्लांत बेडूक पडला की त्याला हाकलायला झेपावते. हे प्रत्येक भोयाला ठाऊक असतं. कुंडलिकला बापानं शिकवलं होतं.

त्यानं बेडूक गळाला लावून घोळक्यात सोडला. दोरी ताणली. हाताएवढी मरळ काठावर येऊन आपटली.

घोळका फुटला. पिल्लं सैरावैरा झाली. तेवढ्यात खालून दुसरी मरळ वर आली आणि त्यांच्याभोवती गरगर फिरू लागली. तो नर होता. एक बाजू सावरली की दुसरी उधळत होती.

कुंडलिक बघत राहिला. मग त्यानं गळ काढायला मरळीचं तोंड उघडलं. बेडूक तसाच दातात होता. तिनं गिळला नव्हता.

"ब्याड," तो म्हणाला आणि तिला पाण्यात सोडलं.

"लागली का?" बजाक्कानं पाठमोरीच विचारलं.

"न्हाय."

"मग धपकन काय वाजलं?"

"मागं डोळं न्हाईत, पर कान हायत व्हय?"

बजाक्का हसली आणि पदरानं डोळे पुसले.

दुपारी कुंडलिकनं भाकरी, आमटी आणि शेंगाची चटणी वाढली. सून म्हणाली, "मामंजी, आत्याबाईस्नी मरळ लागायची की."

"लागायची. पर ह्या दिवसांत तिनं कधी खाल्ली का?"

पान घेऊन तो डोहावरच आला. काठावर ठेवलं. लव्हाळ्यापाशी तांबूस घोळका पुन्हा एक झाला होता आणि खाली दोन काळ्या पाठी फिरत होत्या.

"बजाक्का, राखणीला बाईमाणूसच लागतं का गं?"

"लागतं की." बजाक्कानं जांभळीखालचा सपाट दगड हातानं झाडला. वर्षभर तिथं कुणी बसलं नव्हतं. "पर नीलम्माची पाळी रिकामीच हाय. बसा."

तो बसला.