विहिरीवरचा विजेचा खांब

मी विजेचा खांब बोलतोय. उभा नाही, आडवा. आणि विजेचा तरी कसला! आजवर एकही तार माझ्या डोक्यावरून गेलेली नाही.

जन्मानं मी सागवान, इथल्याच डोंगरातला. सत्तावनच्या हिवाळ्यात मला तोडलं, सोललं आणि आर्णीजवळच्या एका बंजारा तांड्यावर आणून टाकलं. सोबत माझे पाच भाऊ होते. सडकेवरच्या गावात वीज आली होती. तांडा तिथून अर्ध्या कोसावर. वीज खात्याचे साहेब सांगून गेले होते, "पाच विहिरींवर मोटर घ्याल, तर तार इकडे वळवू." तांड्याचे नाईक रूपसिंग हो म्हणाले होते.

सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या बायकोला, रूपीबाईला. विहीर खोल, पाणी दोरानं ओढायचं. तिचा उजवा खांदा कधीच कामातून गेलेला. मला पाहायला आली, अंगावरून हात फिरवला अन् म्हणाली, "लवकर उभा राह्य बापा. माहा खांदा थकला." इतक्या मायेनं माझ्याशी त्याआधी कोणी बोललं नव्हतं, नंतरही नाही.

अशात यवतमाळचे वामनराव आले. शिकलेला माणूस, गावोगाव विज्ञानावर बोलत फिरायचे. तांड्यावर खाट टाकली, सगळे जमले.

"सूर्य कशावर पेटतो? हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळतात त्यावर. विलायतेत आता तोच सूर्य भांड्यात धरलाय! आणि हायड्रोजन कुठे असतो? पाण्यात! घागरभर पाण्यात वणीच्या खाणीतल्या कित्येक गाड्या कोळशाइतकी ताकद. फक्त वीस वर्षं थांबा."

रूपसिंग उठून उभेच राहिले. "पाणी त आपल्या विहिरीत हाय! मंग तार कायले अन् खांब कायले? वीज घरीच करू."

वामनरावांनी तिथेच सांगायला हवं होतं की बाबांनो, सूर्य भांड्यात आला तरी ते भांडं दूर कारखान्यात असणार, आणि तिथून वीज खांबांवरूनच येणार. पण लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या पडत असताना कोणाला सुचतं खरं बोलायला? ते हसले, चहा प्याले आणि यवतमाळला आपल्या विजेच्या पंख्याखाली परत गेले.

"वीस वर्सं मी दोरच ओढू काय?" रूपीबाईनं विचारलं. पंचांनी तिला गप्प बसवलं. मोटरीला नकार कळवला, खात्यानं माझे भाऊ दुसऱ्या गावाला नेले. मला चीर गेली होती, म्हणून मी इथेच राहिलो.

त्याच उन्हाळ्यात एक वाटसरू माझ्यावर बसून पेपर वाचत होता. विलायतेतला तो अंदाज चुकला होता म्हणे. सूर्य काही पेटलाच नव्हता. हे सांगायला मात्र वामनराव तांड्यावर आले नाहीत.

पुढे विहिरीवरचं जुनं लाकूड मोडलं. तेव्हा नाईकांना माझी आठवण झाली! मला विहिरीच्या तोंडावर आडवं टाकलं, साखळीनं कप्पी टांगली. ज्या दोरातून रूपीबाईला सोडवायला मी आलो, तोच दोर माझ्या गळ्यात आला. आग लागो अशा नशिबाला.

वीस वर्षं उलटून गेली. परवा वामनराव पुन्हा आले. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. रूपीबाई पाणी ओढत होती, आता डाव्या खांद्यानं.

"साहेब, थो सूर्य कवा येते?"

"वाटला तितका सोपा नाही, बाई. पण येणार, नक्की येणार. अजून वीस वर्षं धरा."

ती चिडली नाही. दोर त्यांच्या हातात दिला.

"मंग तोवर हे धरा."

चार माणसं पाहत होती, म्हणून वामनरावांनी तो धरला. घागर अर्ध्यावर आली आणि त्यांचे हात सोलले. दोर सुटला, घागर धाडकन खाली आपटली. दोराचं टोक रूपीबाईनं पायाखाली दाबून ठेवलं होतं, म्हणून दोर तरी वाचला. नाईक मान खाली घालून उभे होते. तिनं कोणाकडेच पाहिलं नाही. पुन्हा ओढायला लागली.

सूर्य आणा, जरूर आणा. मी त्याच्याच उन्हात वाढलो, माझं त्याच्याशी वैर नाही. पण किती वर्षं थांबायचं, हे त्या खांद्याला विचारून ठरवा. मला आता उभं करू नका. साखळीनं माझी कंबर अर्धी खाल्लीय. नवा खांब आणा. रूपीबाई आहे तोवर आणा.