शांत बाळाचा खुळखुळा

मित्रांनो, माझ्या दांड्यावरचा लाल रंग एका जागी उडालेला आहे आणि तिथे बारीक बारीक खड्डे आहेत. त्या दातांच्या खुणा आहेत. मी एक लाकडी खुळखुळा, वयाने बराच मोठा, आणि या खुणांचा मला भारी अभिमान आहे. ज्या खुळखुळ्याला कुणी चावलेच नाही, त्याचा जन्म फुकट गेला असे मी समजतो.

माझे गाव खापा. तिथल्या महादेवराव नावाच्या सुतारांनी मला घडवले, आतून पोखरले आणि कन्हान नदीच्या रेतीतले बारीक गोटे माझ्या पोटात भरले. त्याच गावच्या नानाजींनी मला आपल्या तान्ह्या लेकीसाठी, मिनलसाठी, करवून घेतले होते. मिनल मोठी दांडगी. तिने मला आपटले, चावले, ओसरीवरून अंगणात फेकले, आणि मी दिसेनासा झालो की रडून घर डोक्यावर घेतले. ते माझे वैभवाचे दिवस होते. पुढे ती मोठी झाली आणि मी पेटीत, जुन्या लुगड्यांच्या घडीत जाऊन पडलो. पोटात गोटे असूनही गप्प, कारण कुणी हलवल्याशिवाय मला बोलता येत नाही. ही अडचण किती मोठी आहे, ते मला पुढे कळले.

मिनल लग्न होऊन नागपूरला, सक्करदऱ्याला आली. तिचा नवरा अश्विन बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कामाला आहे. त्यांना मुलगा झाला, गोलू. दिवस पुरे भरायच्या आधीच तो आला. बारशाला नानाजी मला धुऊनपुसून घेऊन गेले. मिनलच्या सासूबाई प्रेमिलाबाई मला बघून हरखल्या आणि त्यांनी मला लाल दोऱ्याने पाळण्याच्या वर बांधले. मीही फुशारलो. उंच जागा मिळाली तर कोण नको म्हणतो?

पण मी पडलो वर आणि गोलू खाली. काही महिन्यांनी त्याचा हात माझ्यापर्यंत पोहोचू शकला असता, तेव्हाही त्याने तो पुढे केला नाही. तो माझ्याकडे बघायचा, हात जरासा उचलायचा, आणि अर्ध्यावरच सोडून द्यायचा. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मला वाटायचे, माझाच आवाज म्हातारा झाला असेल.

घरात मात्र त्याचे कौतुक चालले होते. "माह्या नातवाचा कसा तो आवाज नाई," प्रेमिलाबाई शेजारच्या प्रयागबाईंना सांगायच्या. "ठेवला तिथंच राहते. अन् रंग पाहा ना, कसा गोरापान. आमच्या घरात इतका गोरा कोणीच नाई झाला." त्या गोरेपणाला नजर लागू नये म्हणून रोज त्याच्या गालाला तीट लागायची, आणि लाडाने चहात बुडवलेले बिस्कीट मिळायचे. मला वरून सगळे दिसत होते. गोलूचे तळहात पांढरे, ओठही पांढरे. मित्रांनो, ओठ कधी गोरे असतात का?

एक दिवस प्रयागबाई त्यांच्या नातीला, पिंकीला, घेऊन आल्या. पिंकी गोलूच्याच महिन्यात जन्मलेली. तिला पाळण्यात बसवले मात्र, तिने मला पाहिले, झडप घातली आणि असे खेचले की लाल दोरा तुटला. दुसऱ्या क्षणी मी तिच्या तोंडात होतो. कितीतरी वर्षांनी मी खणखणीत वाजलो. पण गोलूकडे लक्ष गेले आणि माझा आनंद विरून गेला. त्याची वस्तू दुसऱ्याने घेतली होती, तरी त्याने तोंड वाकडे केले नाही की हात लांबवला नाही. स्वयंपाकघराच्या दारात मिनल उभी होती. तिने ते पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, गोलू काहून असा पडून राहते? पिंकी तं त्याच्याच वयाची आहे."

"पोरी चपळच असतात वं. अश्विनही असाच थंड होता. तू उगाच जिवाले लावून नको घेऊ."

पण मिनलने जिवाला लावून घेतले. दुसऱ्या दिवशी तिने गोलूला दवाखान्यात नेले आणि मला पिशवीत टाकले. डॉक्टरबाईंनी गोलूची पापणी खाली ओढून पाहिली, तळहात उघडला, रक्त तपासायला पाठवले. "याच्या अंगात लोह फार कमी आहे, म्हणून रक्त कमी आहे," त्या म्हणाल्या. "खेळायची ताकदच नाही त्याला. आणि खेळला नाही तर शिकणार कसा? याच वयात मेंदू वाढत असतो." त्यांनी लोहाचे थेंब लिहून दिले आणि बाळाशी रोज बोला, खेळा, असे सांगितले. मिनल घरी येऊन खूप रडली.

सकाळी अश्विनचा डबा करायची तिची घाई, म्हणून थेंब द्यायचे काम प्रेमिलाबाईंनी आपल्याकडे घेतले. आणि इथेच घात झाला. थोड्याच दिवसांत गोलूची शी कोळशासारखी काळी होऊ लागली. प्रेमिलाबाई घाबरल्या. त्यांनी मीठ-मिरची ओवाळून गोलूची दृष्ट काढली आणि कुणाला न सांगता थेंब बंद केले. रोज सकाळी बाटली हातात घ्यायच्या, मिनल पाठमोरी झाली की तशीच फळीवर ठेवायच्या. मला पुन्हा पाळण्यावर बांधले होते. मी सारे बघत होतो आणि कुणीतरी मला हलवावे म्हणून तळमळत होतो. जीव असा टांगणीला लागणे म्हणजे काय, ते मी तेव्हा भोगले. गोलू दिवसेंदिवस अधिकच शांत होत होता.

शेवटी मिनलनेच बाटली उजेडात धरली. औषध होते तेवढेच होते.

"आई, थेंब काहून नाई दिले?"

प्रेमिलाबाई खाली बसल्या. "काळी शी करून राहिलं होतं वं लेकरू. मले वाटलं, आतून जळून राहिला. तू घाबरशील म्हणून नाई सांगितलं." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मिनलला राग आला होता, पण ती ओरडली नाही. ती म्हणाली, "चला, तुमीच विचारा डॉक्टरबाईले." मला पुन्हा पिशवीत टाकले गेले.

डॉक्टरबाईंनी प्रेमिलाबाईंना शेजारी बसवले आणि गोलू काय काय खातो तेही विचारून घेतले. "आजी, लोहाने शी काळी होतेच. औषध पोटात जाते आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो चहा बंद करा, चहा लोह अंगाला लागू देत नाही." मग त्यांनी मला हातात घेतले. "हा कुठे असतो?"

"पाळण्याले टांगला आहे."

"सोडा तो. बाळासमोर धरा, वाजवा, आणि बाळाने हात पुढे करेपर्यंत थांबा. घाई करून हातात कोंबू नका."

"बाकी लेकरांसारखा होईल ना जी बाई पोट्टा?" प्रेमिलाबाईंनी विचारले.

डॉक्टरबाईंनी गोलूचा तळहात पुन्हा उघडून पाहिला. "रक्त भरून येईल. मागे पडलेले किती भरून निघेल, ते मी आज सांगू शकत नाही. म्हणून आता एकही दिवस वाया घालवू नका." निघताना त्यांनी मिनललाही स्वतःचे रक्त तपासून घ्यायला सांगितले. तिचेही तळहात फिकेच होते, ते तोवर कुणी पाहिलेच नव्हते.

तेव्हापासून मी जमिनीवर, चटईवर असतो. प्रेमिलाबाई स्वतःच्या हाताने थेंब देतात, डाळीत पालेभाजी शिजवून, लिंबू पिळून भरवतात. दुपारी गोलूसमोर बसून त्याच्याशी गप्पा मारतात, हे वांगं, हा वाटाणा, ही तुही माय. मग मला वाजवतात आणि थांबतात. थांबणे त्यांना फार जड जाते. गोलूचा हात अर्ध्यावरून परत फिरला की त्यांचे डोळे भरतात, पण त्या मला पुढे ढकलत नाहीत.

आणि परवा त्या हाताने उरलेली वाट चालली. पाच बोटे माझ्या दांड्यावर आली. पकड कच्ची होती, मी निसटलो आणि गडगडत चटईच्या पलीकडे गेलो. तेव्हा गोलूने तोंड उघडले आणि तो रडला. असा रडला की प्रयागबाई दारात धावत आल्या.

"काहून वं, प्रेमिला? कधी न रडणारं लेकरू काहून रडून राहिलं?"

"रडू दे," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "त्याले त्याचा खुळखुळा पायजे."

मित्रांनो, पिंकी आता भिंत धरून उभी राहते. गोलू अजून नीट बसतही नाही. तो तिला गाठेल का, मला माहीत नाही, आणि ती काळजी मला सोडत नाही. तुमच्या घरी तान्हे भावंड असेल आणि ते फारच शांत, फारच गोरे वाटत असेल, तर कौतुक करण्याआधी त्याचे ओठ आणि तळहात पाहा, मोठ्यांना सांगा. आणि माझ्यासारख्याला शोभेसाठी वर टांगू नका, बाळासमोर वाजवा. माझ्या दांड्यावर मिनलच्या खुणांशेजारी थोडी जागा मोकळी आहे. गोलूला खालचा पहिला दात येतो आहे.