तिसऱ्या पातळीची घंटा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. विद्यापीठाच्या तळघरातल्या एका संगणकात पडून असतो. मला गंज चढत नाही. मला कोणी हाक मारत नाही, एवढंच.

जिथे अनेक यंत्रं एकाच वेळी आपापलं काम करतात, तिथे ती एकमेकांची वाट अडवतील का, हे मी आधीच पाहून ठेवतो. माणूस चार-सहा शक्यता तपासून दमतो. मी सगळ्या तपासतो. वाईट सापडलं, तर ते पायरीपायरीने लिहून दाखवतो. नाही सापडलं, तर एकच शब्द सांगतो, ‘खरं’.

मला स्मारांदाने घडवलं. जिऊ नावाच्या कोळशाच्या खोऱ्यातल्या खाणकामगाराची मुलगी. मला घडवताना ती सूर्यफुलाच्या बिया सोलायची आणि टरफलं कीबोर्डवर सांडायची. रेल्वे फाटकाच्या यंत्रणेतली एक चूक मी पकडली, तेव्हा विभागात सगळ्यांनी गोड पाव खाल्ला. माझं कौतुक तेवढं एकदाच झालं.

मग तिच्याच गावच्या खाणीचं काम आलं. कामगारांना खाणीत सोडणारा पिंजरा, म्हणजे तिथली लिफ्ट, वरखाली नेणारा माणूस काढून तिथे यंत्र बसवायचं होतं. खाणीला एकाखाली एक तीन पातळ्या, पहिली सगळ्यात वर, प्रत्येक पातळीवर एक घंटा. जी घंटा जवळची, तिच्याकडे पिंजरा आधी जाणार. त्यात वीज वाचते. मला विचारलं गेलं : तिसऱ्या पातळीवर घंटा वाजली, तर पिंजरा तिथे कधी ना कधी पोहोचेल का?

‘नाही,’ मी म्हटलं आणि का ते लिहून दाखवलं.

तिसरी घंटा वाजते.
पहिली घंटा वाजते.
पिंजरा पहिलीवर येतो. वर जातो.
पहिली घंटा वाजते.
पिंजरा पहिलीवर येतो. वर जातो.
पहिली घंटा

याला शेवट नाही, मित्रांनो.

खाणीचे अभियंते द्रागोमिर हसले. “बाई, पहिल्या पातळीवर काय जत्रा भरलीय? सारखी घंटा कोण वाजवत बसणार?”

स्मारांदा म्हणाली, नियम बदला, जी आधी वाजली तिला आधी पाळी द्या. पण त्यासाठी यंत्रणा नव्याने करावी लागली असती, आणि हिवाळ्याआधी मंजुरी मिळाली नाही तर खाणीला टाळं लागणार होतं.

रविवारी तिचा धाकटा भाऊ लिविउ जेवायला आला. तो तिसऱ्या पातळीवरच कामाला होता. काय बोलणं झालं, ते तिने दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्यांना सांगितलं. “ताई,” तो म्हणाला होता, “तुझा तो पेटीतला साहेब कधी खाली उतरलाय का? वाट बघायची आम्हाला सवय आहे. खाण बंद पडली तर मात्र मी इटलीत म्हाताऱ्यांना आंघोळ घालत बसेन.”

सांगून झाल्यावर तिने मला एक ओळ वाढवून दिली : पहिली पातळी कधी ना कधी शांत होते, असं धर.

मी धरलं. जे धरायला सांगतात, ते मी धरतो. ‘खरं,’ मी म्हटलं. मंजुरी मिळाली.

काही वर्षांनी दुसऱ्या पातळीवर कोळसा वाहणारा पट्टा पेटला. धूर खाली तिसऱ्या पातळीवर उतरला आणि तिथून वर येणाऱ्या शिड्या आगीत सापडल्या. दुसऱ्या पातळीवरची माणसं शिड्या चढून पहिल्या पातळीवर आली. तिथे जत्रा भरली. पिंजरा भरून वर जाई आणि मागे राहिलेले घंटा दाबत.

त्या दिवशीच्या घंटांची नोंद चौकशीसाठी माझ्याकडे आली. स्मारांदानेच ती मला दिली. तिसरी घंटा, लिविउच्या पातळीवरची, सुरुवातीला सारखी वाजते. मग थांबून थांबून. मग पुढे फक्त पहिलीच वाजते. शेवटी पहिली पातळी रिकामी झाली, शांत झाली. पिंजरा तिसऱ्या पातळीवर गेला आणि त्याचं दार उघडलं. आत कोणी आलं नाही.

पिंजरा पोहोचला का, असं तिने विचारलं.

‘खरं.’

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा तिने पडद्यावरचा तो शब्द तळहाताने झाकला. त्यानंतर तिने मला उघडलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे आता पुष्कळ आहेत, माझ्याहून चलाख. मला जपा, असं मी म्हणत नाही. प्रश्न जपून विचारा. ‘कधी ना कधी’ म्हटलं, की मला एक क्षण आणि शंभर वर्षं सारखीच. मी वाट पाहून थकत नाही, मला श्वास घ्यावा लागत नाही. धुरात माणूस किती वेळ तगतो, ते आधी मला सांगा. मग विचारा.