दहा बदकं आणि एक अंगठा

मी एक जुनी बंदूक आहे. घाबरू नका, मित्रांनो. माझ्यातून गोळी सुटत नाही, छर्रा सुटत नाही, होळीचं पाणीसुद्धा उडत नाही. मी टीव्हीवरच्या खेळातली काळी प्लास्टिकची बंदूक. माझा चाप लाल आहे आणि नळीच्या आत काचेचा एक बारका डोळा आहे. चाप ओढला की टीव्हीचा पडदा पळभर काळा होतो आणि बदक असेल तिथे पांढरा चौकोन उमटतो. तो मला दिसला तर बदक पडतं. नाही दिसला तर बदक उडून जातं आणि टीव्हीतून 'प्यां' असा कुत्सित आवाज येतो. एवढंच माझं काम, बघायचं. पण ते मी चोख करते.

बदकांची मला कधी दया आली नाही. पडताना ती पंख मिटून सरळ खाली यायची, ते मला फार आवडायचं. उगाच खोटं कशाला बोलू?

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या नळीत डोळा बसवला आणि माझ्याकडे न बघताच पुढची बंदूक उचलली. आईची माया म्हणतात ती माझ्या वाट्याला तेवढीच आली. मग एक दिवस बोरिवली स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवरून भाऊंनी मला एका खोक्यातून चारकोपच्या त्यांच्या खोलीत आणलं. त्या खोक्यात खेळाचा डबा होता, बाणांची बटणं असलेला वायरचा एक रिमोट होता, एक कॅसेट होती आणि मी होते. भाऊ कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, गाव कुडाळजवळचं. त्यांना दोन मुलगे. मोठा जयवंत आणि त्याच्याहून दोन वर्षांनी लहान नितेश.

ते माझे वैभवाचे दिवस! चारकोपच्या आमच्या सेक्टरमधली पोरं दारात रांग लावायची. मला हात लावायला मिळावा म्हणून कुणी चिंचा आणायचं, कुणी भोवरा द्यायचं. घामट, चिकट हात असायचे सगळ्यांचे. मी नाक मुरडत का होईना, पण सगळ्यांच्या हातात जायचे. कौतुक कुणाला नको असतं?

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खेळ सुरू करायचं बटण माझ्यावर नव्हतं, रिमोटवर होतं. त्यामुळे नितेश माझा चाप ओढायचा तेव्हा रिमोट जयवंतच्या मांडीवर असायचा. एका दुपारी त्याचा अंगठा सहज रिमोटच्या बाणांवर पडला आणि पडद्यावरचं बदक डावीकडे वळलं. त्याने अंगठा उजवीकडे दाबला. बदक उजवीकडे गेलं. जयवंतने इकडे तिकडे पाहिलं आणि रिमोटवर चादरीचं टोक ओढलं. त्या दिवसापासून नितेशचा नेम बिघडला.

माझी आणि रिमोटची वायर एकाच डब्यात शेजारी शेजारी घुसायची. शेजाऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळणारच ना? मला सगळं कळत होतं. कुठलं बदक आपल्या मनाने उडतंय आणि कुठल्याला कुणी पळवतंय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पण मला डोळा दिला होता, तोंड दिलं नव्हतं. आणि खरं सांगू? तोंड असतं तरी मी गप्पच बसले असते. नितेशचं रडवेलं तोंड बघायला मलाही मजा येत होती. सगळ्या पोरांनाच येत होती.

मग मुलांची आई वारली, आणि वर्षभरात भाऊंच्या गिरणीचं दार कायमचं बंद झालं. भाऊंना कधी इथे तर कधी तिथे वॉचमनची पाळी मिळायची. दोन पोरं सांभाळणं त्यांना जमेना. गावाहून आत्याचा निरोप आला, की एकाला माझ्याकडे पाठव. एकालाच. दोघांनाही मुंबई सोडायची नव्हती. कुणाला पाठवायचं हे भाऊंच्याने ठरवेना. शेवटी ते वैतागून म्हणाले, "तुम्हीच काय ता ठरवा."

"गेमवर ठरवू," जयवंत लगेच म्हणाला. "दहा दहा बदकं. कमी पडतील तो गावी. काय नित्या, आहे हिंमत?"

अकरा वर्षांच्या मुलाला हिंमत आहे का असं विचारलं, की तो दुसरं काय सांगणार? भाऊ मागे खाटेवर बसून बघत होते. जयवंतने सात पाडली. मग नितेशने मला उचललं. त्याचे तळहात ओले झाले होते. त्याने जीभ दातांत धरली, एक डोळा मिटला, श्वास रोखला. एवढा सरळ धरलेला हात मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आणि पडदा काळा होऊन चौकोन उमटायच्या आत बदक दर वेळी भलतीकडेच निघून जायचं. प्यां. प्यां. प्यां. दहात एक पडलं, तेही जयवंतला शिंक आली म्हणून.

"बंदूक खराब आहे!" नितेश ओरडला आणि त्याने मला फरशीवर आपटलं. माझ्या कुशीत चीर गेली. ती अजून आहे.

भाऊंनी त्याच्या थोबाडीत मारली. म्हणाले, "बंदुकेक नावां ठेव नको. नेम तुझो वायट आसा."

तिसऱ्या दिवशी नितेश गावी गेला. मे महिन्याच्या सुट्टीत यायचा तेव्हा माझ्याकडे ढुंकून बघायचा नाही. पुढे पुढे यायचाही थांबला. जयवंत कॉलेजला गेला, बँकेत लागला आणि त्याने त्याच खोलीवर मजला चढवला. मला भाऊंनी त्याआधीच जुन्या लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं. तिथे मी सत्तावीस वर्षं काळोखात होते, मित्रांनो. उजेड बघण्यासाठीच जन्मलेल्या वस्तूला याहून मोठी शिक्षा नाही. मी काही फार चांगली वागले होते अशातला भाग नाही, पण एवढी शिक्षा जरा जास्तच झाली.

या मे महिन्यात एका रविवारी दुपारी ट्रंक उघडली. जयवंतच्या केसांत पांढरं आलं होतं. त्याची पंधरा वर्षांची मुलगी श्रुतिका शेजारी उभी होती. भाऊ आता ऐंशीचे झाले होते. हॉलच्या कोपऱ्यात त्यांची खाट होती आणि खाटेसमोर त्यांचा जुना डबा टीव्ही. दाराजवळ त्यांची कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती, कारण नितेश त्यांना कायमचा गावी न्यायला आला होता. संध्याकाळी बोरिवलीहून बस होती.

"पडवेत खोली काढलंय भाऊंसाठी," नितेश जयवंतच्या बायकोला, अनुपमावहिनींना, सांगत होता. "संडास पण आतच बांधलंय. रात्रीचा उठूक नको."

"माका थंय बरा वाटतला," भाऊ म्हणाले. सकाळपासून ते हे चौथ्यांदा म्हणत होते. त्यांनी दाढी करून घेतली होती आणि इस्त्रीचा सदरा घालून ते खाटेच्या कडेवर बसून होते. पाहुणा जायला निघतो तसे.

त्यांच्या जाण्याची घरात तयारीही झाली होती. श्रुतिकाच्या गेमिंगचं टेबल आणि मोठा स्क्रीन खोक्यातून येऊन दारामागे उभे होते. भाऊंची खाट हलली की ते तिथे लागणार होते. अनुपमावहिनींनी कोपऱ्याचं मापसुद्धा घेऊन ठेवलं होतं. भाऊ खाटेवर बसलेले असतानाच टेप लावली होती.

त्या स्क्रीनवरूनच वाद निघाला. "तुमच्या गेममध्ये मजा नाही गं," जयवंत म्हणाला. "नुसतं एकट्याने कानाला लावून बसायचं. आमचे गेम बघ. अख्खा सेक्टर जमायचा! मी डोळे मिटून दहापैकी आठ बदकं पाडायचो."

"बदकं? बस, एवढंच?" श्रुतिका हसली. "बाबा, बोअर आहे ते."

म्हणून मला बाहेर काढलं. आधी हॉलमधल्या मोठ्या चपट्या टीव्हीला जोडलं. जयवंतने ऐटीत चाप ओढला. प्यां. पुन्हा ओढला. प्यां. त्या नव्या टीव्हीवर चित्र जरा उशिरा येतं, तेवढ्यात माझं बघणं संपलेलं असतं. मी तिथे ठार आंधळी. श्रुतिका पोट धरून हसत होती. "आठ म्हणे! बाबा, वाट लागली तुमची!"

जयवंतचं तोंड लाल झालं. "याला डबा टीव्हीच लागतो," असं म्हणत त्याने भाऊंचा टीव्ही बंद केला. भाऊ कीर्तन बघत होते. त्यांना कुणी विचारलं नाही. मला तिथे जोडलं, आणि मला दिसू लागलं! सत्तावीस वर्षांनी पहिला पांढरा चौकोन दिसला तेव्हा मला किती आनंद झाला, ते सांगता येत नाही. जयवंतने खरंच आठ पाडली.

"आता नित्या!" तो म्हणाला आणि रिमोट उचलून खुर्चीत बसला.

"नको. नेम माझो पैल्यापासून वायट," नितेश हसून म्हणाला. "झाडावरचो आंबो पण माका पाडूक जमणा नाय. पोरांका सांगतंय, तुम्ही मारा."

पण आग्रहाखातर त्याने मला धरलं. मित्रांनो, तोच हात! राठ झाला होता, पण तितकाच सरळ. आणि जयवंतच्या अंगठ्याला जुनी सवय आठवली. पहिलं बदक गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. नितेश हसतच होता. श्रुतिका मात्र फोनमध्ये बघत होती.

"एक मिनिट," ती म्हणाली. "बाबा, इथे लिहिलंय, या टाइपच्या गेममध्ये रिमोटने बदक हलवता येतं. तुम्ही हलवताय ना? अंगठा बघा ना तुमचा! काका, हे चीटिंग करतायत. आमच्या गेममध्ये असं केलं ना, की आयडी बॅन होतो."

जयवंत मोठ्याने हसला. "पकडलंस यार! अगं, लहानपणापासूनची गंमत आहे ती."

नितेशचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यात कुणी उरलं नाही. "लहानपणापासून?" तो म्हणाला. "त्या दिवशी पण?"

"सोड ना रे. पोरं होतो आपण."

नितेशने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो खाटेकडे वळला. "भाऊ, तुम्ही मागे बसलेलात. तुमका दिसला नाय?"

भाऊंनी आपल्या पिशवीकडे पाहिलं. एक खोटं बोलले असते तर संध्याकाळच्या बसमध्ये बसले असते. पण म्हाताऱ्याला ऐंशीव्या वर्षी खरं बोलायची बुद्धी झाली. "दिसलेला," ते म्हणाले. "अंगठो हलत होतो त्याचो. पण एकाक धाडूकच होया होता. ह्यो अभ्यासात बरो होतो."

"आणि माका मारलात. नेम वायट म्हणून सांगितलात."

भाऊंनी सदऱ्याची घडी सारखी केली.

नितेशने मला जयवंतच्या हातात दिलं आणि त्याच्या मांडीवरचा रिमोट काढून घेतला. "चल दादा, एक डाव. दहा बदकं. जो हरतलो, तो भाऊंक ठेवतलो."

"वेडा झालास काय रे?"

"आहे हिंमत?" नितेशने विचारलं.

पोरगी समोर उभी होती. जयवंतने मला उचललं. नितेशने रिमोट लपवला नाही. छातीशी धरला, सगळ्यांना दिसेल असा. पहिलं बदक उडालं आणि त्याने ते पडद्याच्या पार कोपऱ्यात नेऊन घातलं. प्यां. दुसरं तसंच. जयवंत पुढे वाकला, उभा राहिला, शेवटी मला पडद्याला टेकवून चाप ओढू लागला. मी डोळा फाडून बघत होते. एकही चौकोन दिसला नाही. अनुपमावहिनी दारात येऊन उभ्या होत्या. "भाऊजी, अहो, पिशवी भरलीय त्यांची," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"हे चीटिंग आहे!" दहावं बदक गेलं तेव्हा जयवंत किंचाळला.

"होय," नितेश म्हणाला. त्याने रिमोट खाली ठेवला, आपली एकट्याची बॅग उचलली आणि चपला घातल्या. भाऊंच्या पाया पडायला तो वाकला, मग मध्येच थांबला आणि तसाच जिना उतरला.

भाऊ कडेवर बसून होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. पावलं ऐकू येईनाशी झाली तेव्हा ते हळूच म्हणाले, "शिकलो नित्या एकदाचो."

नवं टेबल कुठे लावायचं यावर मग घरात भांडण झालं. भाऊंची खाट आता स्वयंपाकघराच्या पॅसेजमध्ये आहे आणि तिथे टीव्हीला जागा नाही. डबा टीव्ही भंगारात गेला. त्याच्याशिवाय मला बदकं दिसत नाहीत, म्हणून मलाही सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकलंय.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, की आमची धूळ पुसा, आम्हाला जपा. मला आता पुसून काय उपयोग? माझं मागणं निराळं आहे. जुने खेळ नव्यांइतके मजेचे होते का, असा वाद तुमच्या घरी निघाला, तर जो सगळ्यात मोठ्याने 'हो' म्हणेल त्याला एवढंच विचारा, की तेव्हा तुझ्या हातात बंदूक होती का रिमोट? आणि मागे खाटेवर बसून सगळं बघणारं कुणी असेल, तर त्यालाही विचारा. वेळेवर विचारा. सत्तावीस वर्षं थांबू नका.

सकाळी कचऱ्याची गाडी येईल. डब्यातून मला दाराचा तेवढा भाग दिसतो. भाऊंची पिशवी अजून तिथेच आहे, भरलेली. ती रिकामी करायला कुणाला सांगावं, हे त्यांना सुचत नाही.