साडेपाच तासांचं सिंगापूर

“पोरीचं इमान अजून उडलंच नाही,” फोन खाली ठेवत ढवळूनं मांडवातल्यांना सांगितलं.

हळदीची संध्याकाळ होती. दुसऱ्या सकाळी दाभोशात त्याच्या लेकाचं, नितीनचं लग्न आणि नवऱ्याची एकुलती एक बहीण हर्षदा अजून सिंगापुरातच! यात चूक कुणाची? ढवळूचीच. तिथं नर्स असलेल्या लेकीनं एकदा सांगितलं होतं, सिंगापूर चार हजार किलोमीटर, पण मुंबईहून विमानानं साडेपाच तास. आता डोंगरात किलोमीटर कोण धरतो? इथं अंतर वेळेनंच सांगतात. जीप करून, मग एसटीनं मुंबई गाठायलाही तेवढाच वेळ जातो. म्हणजे सिंगापूर मुंबईएवढंच लांब! पोरीची सुट्टी सुरू होते त्याच्या दुसऱ्याच सकाळी लग्न धरून गडी मोखाड्याच्या व्याह्यांना शब्द देऊन मोकळा झाला. जव्हारच्या स्टँडवर जीप भरली की सुटते, तसंच विमानही सुटत असणार, असं त्यानं धरलं होतं. ते ठरल्या वेळी, रात्रीच उडतं, हे आत्ता कळलं. पहाटे मुंबईत उतरून पोर इथं पोचायची ती दुपारी.

आई गेली तेव्हा नितीन रांगत होता. हर्षदानंच त्याला कडेवर वाढवलं. तिच्या माघारी लग्न लागलं असतं, तर ढवळूला जन्मभर घास गोड लागला नसता.

सकाळी व्याही टेम्पो भरून हजर झाले. टेम्पोवाल्याला दुपारी दुसरं भाडं होतं, त्यामुळे ते घाई करायला लागले. त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी ढवळूनं म्हाताऱ्या फागीपुढे हात जोडले. फागी धवलेरी. या पाड्यांवर लग्न लावायला भटजी लागत नाही, धवलेरीच गाऊन लावते आणि तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय लग्न लागत नाही.

फागीनं सगळं ऐकून घेतलं. “गाणं माझ्या तोंडात हाय. तू जेवणाचं बघ जा.”

आणि तिनं सूर लावला. डोंगर, नद्या, झाडं, एकेका देवाला नावानं बोलावलं. व्याही कुरकुरायला लागले, तशी म्हातारी बेरकी, त्यांच्याच पूर्वजांची नावं घ्यायला लागली! आपल्या आज्याचं नाव ऐकून व्याह्यानं टोपी सारखी केली आणि गुमान बसला. टेम्पोवालाही पानावर बसला. उन्हं डोक्यावर आली, साथीच्या दोघी थकून गप्प झाल्या, फागीचा आवाज चिरकला, तरी गाणं काही थांबेना.

एकदाची जीप आली. हर्षदानं तोंडावर पाणी मारलं, बायांनी तिला लुगडं गुंडाळलं आणि ती भावामागे जाऊन उभी राहिली. तेव्हा कुठं फागीनं गाणं पुरं केलं. लग्न लागलं.

जेवणावळीच्या गडबडीत ढवळू फागीसमोर येऊन बसला.

“आये, तुझं उपकार मी कसं फेडू?”

तिचा आवाज पार बसला होता. त्यानं कान जवळ नेला.

“देव तर कव्हाच गाऊन सरलं व्हतं,” ती पुटपुटली. “मंग तुझ्या बायकोला गायले. म्हटलं, पोर वाटंत हाय, जाऊ नको, बस.”

ढवळूनं माठातलं पाणी तांब्यात घेतलं, तो आपल्या हातानं तिच्या ओठांशी धरला आणि ती थांबत थांबत पीत राहिली.